२५२० चं ‘रहस्य’: फिरत्या मेसेजचा मुद्देसूद हिशेब

२५२० या संख्येबद्दलचा एक मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. माझ्याकडे दर दोन-चार महिन्यांनी येतो, पाठवणारा दर वेळी निराळा. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. संख्या एक तर सम असते किंवा विषम, म्हणून १ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाईल अशी संख्या असूच शकत नाही, असं म्हणे जगभरचे गणिती मानत होते. मग रामानुजन यांनी २५२० शोधली आणि सगळे थक्क झाले. अशी ही एकमेव संख्या. पुढे दहा भागाकारांची उभी यादी, आणि शेवटी रहस्यभेद: २५२० म्हणजे ७ × ३० × १२, अर्थात आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस आणि वर्षाचे महिने यांचा गुणाकार. आपल्या कालगणनेत ती आधीपासूनच दडलेली होती!

यातलं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. दहाही भागाकार बिनचूक आहेत: २५२०, १२६०, ८४०, ६३०, ५०४, ४२०, ३६०, ३१५, २८०, २५२. कुठेही बाकी उरत नाही. शिवाय १ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी ही सर्वांत लहान संख्या आहे, हेही खरं. गंमत म्हणजे मला आलेल्या बहुतेक मेसेजांत नेमका हा ‘सर्वांत लहान’ शब्दच गाळलेला असतो. बाकीचं आता एकेक करून घेऊ.

दावा १: “अशी संख्या असूच शकत नाही, असं मानलं जात होतं.”

१ पासून १० पर्यंतच्या सगळ्या संख्या एकमेकींनी गुणा. ३६,२८,८०० येतात. या गुणाकारात दहाही जणी आधीच बसलेल्या आहेत, तेव्हा त्यांपैकी कुणीही भागलं तरी बाकी उरायचं कारणच नाही. एवढ्यासाठी थोर गणिती लागत नाही, पाढे येणारं मूल पुरतं.

सम-विषमाचं ते वाक्य मी दोन-तीनदा वाचलं, तरी ‘म्हणून’च्या पुढची उडी कशी मारली ते कळलं नाही. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा असं असावं की सम संख्येला सम संख्येनेच भाग जातो. ६ ला ३ ने भाग जातो, विषय संपला. त्या युक्तिवादातून हाती लागतं ते एवढंच, की विषम संख्येला २ ने भाग जात नाही, तेव्हा आपल्याला हवी ती संख्या सम असणार.

आणि हे जुन्या काळी कुणाला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्लेटोने आपल्या कल्पनेतल्या नगरासाठी ५०४० जमीनधारक सुचवले होते. कारणही देऊन ठेवलं: या संख्येला तिच्यापेक्षा लहान असे ५९ विभाजक आहेत आणि त्यांत १ ते १० सगळे सलग येतात, म्हणजे जमिनीपासून फौजेपर्यंत कशाचीही वाटणी सोपी. ५०४० म्हणजे २५२० ची दुप्पट. त्यानंतर थोड्याच काळाने युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात दिलेल्या संख्यांचा लसावि कसा काढायचा हे सिद्धतेसकट मांडलं. जे रहस्य उलगडल्याचा मेसेज तुम्हाला काल आला, त्याची रीत तेवीसशे वर्षं जुनी आहे.

दावा २: “२५२० ही एकमेव.”

५०४०, ७५६०, १०,०८०, १२,६००… २५२० च्या प्रत्येक पटीत हा गुण आहे. एक लाखाच्या आत अशा ३९ संख्या सापडतात, पुढे तर अंतच नाही. या मुद्द्यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही. मात्र ही संख्या येते कुठून, ते सावकाश बघण्यासारखं आहे, कारण एकदा ते हाताने करून पाहिलं की मेसेजमधली अर्धी जादू आपोआप उतरते.

अट एकेक पायरीने वाढवत नेऊ. २ ने भाग जायला हवा: २ घ्या. ३ नेही: ६. आता ४. सहात २ एकदाच आहे, अजून एक लागेल: १२. पाच नवा आहे: ६०. सहासाठी काहीच करावं लागत नाही, २ आणि ३ आत आहेतच. सात पुन्हा नवा: ४२०. आठासाठी २ तीनदा हवा, आपल्याकडे दोनदाच आहे, म्हणून दुप्पट: ८४०. नवासाठी अजून एक ३: २५२०. आणि दहा? २ आहे, ५ आहे, दहा फुकटात. यादीत सर्वांत शेवटी दिमाखात येणारा १० हा खरं तर आयत्या वेळी पंगतीला बसलेला पाहुणा. सगळं काम ५, ७, ८ आणि ९ या चौघांनी केलं आहे: ५ × ७ × ८ × ९ = २५२०.

शिडी इथे थांबवायचं गणिताच्या बाजूने काही कारण नाही. आपल्याला बोटं दहा, म्हणून मेसेज दहावर थांबला. पुढची पायरी ११: २७,७२०. बारा फुकट. तेराला ३,६०,३६०. चौदा, पंधरा फुकट. सोळाला दुप्पट: ७,२०,७२०. सतराला १,२२,५२,२४०. अठरा फुकट. एकोणिसाला २३,२७,९२,५६०. आणि मग वीस, एकवीस, बावीस असे लागोपाठ तिघे फुकट. म्हणजे या नऊ अंकी संख्येला १ ते २२ पर्यंत सगळ्यांनी भाग जातो. २३ ला ती अडते. शिडी कुठे वर चढते ते पाहिलंत? फक्त मूळ संख्यांवर (५, ७, ११, १३) आणि मूळ संख्यांच्या घातांवर (४, ८, ९, १६). बाकी सगळीकडे सपाट.

२५२० ला ११ ने भागलं तर २२९ येतात आणि बाकी १. या उरलेल्या एकाचं सोनं तेराव्या शतकात पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने केलं. त्याचं कोडं असं: २ ते १० पैकी कुणीही भागलं तर बाकी १ उरते आणि ११ ने मात्र निःशेष भाग जातो, अशी संख्या सांगा. २५२० च्या कोणत्याही पटीत १ मिळवला की पहिली अट पुरी झाली. ११ च्या हिशेबात प्रत्येक २५२० मागे १ उरतो, मग दहा वेळा २५२० घेतले की उरतात १०, त्यात वरचा १ मिळवला की ११. उत्तर २५,२०१. ज्या संख्येचा शोध विसाव्या शतकाच्या नावावर मांडला जातोय, ती इथे कोड्यातल्या हत्यारासारखी वापरलेली आहे.

दावा ३: “रामानुजन यांनी शोधली.”

इथे मात्र नुसतं ‘खोटं’ म्हणून पुढे जाणं अन्यायाचं होईल. २५२० रामानुजन यांनी शोधली नाही. पण या जातीच्या संख्यांवर त्यांनी जे काम केलं ते मेसेजमधल्या कौतुकाच्या कितीतरी पलीकडचं आहे, आणि मेसेज त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

१९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक दीर्घ निबंध आला. विषय: अतिसंयुक्त संख्या. व्याख्या साधी आहे. जिच्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येला तिच्याइतके विभाजक नसतात, ती अतिसंयुक्त. २५२० चे मूळ अवयव पाडले तर २ तीनदा, ३ दोनदा, ५ एकदा, ७ एकदा. विभाजक बनवताना २ शून्य ते तीन वेळा घेता येतो, म्हणजे चार पर्याय. ३ चे तीन. ५ चे दोन. ७ चे दोन. ४ × ३ × २ × २ = ४८ विभाजक. तिच्या अगोदरचा विक्रम १६८० चा, ४० विभाजकांचा. पुढचा विक्रम ५०४० चा, ६० चा. १ पासून मोजलं तर या विक्रमवीरांच्या रांगेत २५२० अठरावी.

अशा संख्यांची ठेवण कशी असते, हा रामानुजन यांचा प्रश्न होता. त्यांनी दाखवलं की मूळ अवयव २ पासून सुरू होऊन मध्ये एकही न गाळता सलग येतात, त्यांचे घातांक डावीकडून उजवीकडे कधी वाढत नाहीत, आणि शेवटच्या मूळ संख्येचा घातांक नेहमी १ असतो. अपवाद दोनच: ४ आणि ३६. २५२० चे घातांक ३, २, १, १ या साच्यात चपखल बसतात. या संशोधनावर केंब्रिजने त्यांना १९१६ मध्ये पदवी दिली. निबंधाचा बराच भाग तेव्हा सोसायटीच्या पैशाच्या अडचणीमुळे छापायचाच राहिला. तो प्रकाशित व्हायला १९९७ साल उजाडलं.

त्या निबंधात १०२ अतिसंयुक्त संख्यांची यादी आहे. शेवटची ६७,४६,३२,८३,८८,८००, विभाजक १०,०८०. हे सगळं हाताने केलेलं. आणि या यादीत एक संख्या सुटली आहे: २,९३,३१,८६,२५,६००. यादीतल्या त्या शेवटच्या संख्येला २३ ने भागलं की नेमकी हीच येते. मला हे कळलं तेव्हा रामानुजन यांच्याबद्दलचा आदर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. बारा-तेरा अंकी संख्यांच्या जंगलात शिरून माणसाच्या हातून एकच निसटली, यावरून बाकीचं काम किती काटेकोर असेल ते लक्षात येतं. लसाविचा शोध त्यांच्या माथी मारणं म्हणजे गवयाला टाळ्या द्यायच्या त्या तंबोरा जुळवल्याबद्दल.

दावा ४: “७ × ३० × १२, हेच रहस्य.”

गुणाकार बरोबर आहे. पण तो कशाचा आहे? महिन्याचे ३० दिवस गुणिले वर्षाचे १२ महिने, वर्षाचे ३६० दिवस झाले, इथपर्यंत ठीक. त्याला आठवड्याच्या ७ दिवसांनी गुणून काय मोजलं जातं? वर्षातले आठवडे हवे असतील तर ७ ने भागायला हवं. हा म्हणजे उंचीला वजनाने गुणून वय काढण्याचा प्रकार.

ओढूनताणून एक अर्थ लावता येतो, तोही सांगून टाकतो. वर्ष बरोबर ३६० दिवसांचं धरलं, तर आठवडा आणि वर्ष पुन्हा एकाच वारी सुरू व्हायला ७ वर्षं लागतात, म्हणजे २५२० दिवस किंवा ३६० आठवडे. अडचण एवढीच की चंद्राला आणि सूर्याला हे कुणी कळवलेलं नाही. चांद्रमास सुमारे २९.५३ दिवसांचा, असे बारा मिळून ३५४ दिवस, सौरवर्ष ३६५ दिवसांहून थोडं मोठं. महिन्यात ३० असतात त्या तिथी. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते, तिची लांबी कमी-जास्त होते आणि ती दिवसाशी जुळेलच असं नाही. आपल्या पंचांगकर्त्यांना हा फरक पक्का माहीत होता, म्हणून तर अधिकमास आहे. कालगणनेचं कौतुक करायचं तर ते या हिशेबाचं करावं.

मग ७, ३० आणि १२ गुणल्यावर नेमकी २५२० कशी आली? अवयव पाडा. ३० मध्ये २, ३, ५. १२ मध्ये २, २, ३. आणि ७. एकत्र केले की २ तीनदा, ३ दोनदा, ५ एकदा, ७ एकदा. या तिघांचा लसावि घेतलात तर तो फक्त ४२० भरतो, आणि ४२० ला ८ नेही भाग जात नाही, ९ नेही नाही. ३० आणि १२ मध्ये २ आणि ३ दोन्हीकडे आहेत, गुणाकारात ते दोनदा धरले गेले, आणि त्या दुबार मोजणीने ८ आणि ९ ची सोय करून टाकली. योगायोग आहे, नाही म्हणत नाही.

पण किती मोठा योगायोग? एका दुपारी कागद घेऊन बसलो आणि मोजलं, की २५२० ही तीन संख्यांचा गुणाकार म्हणून किती प्रकारे लिहिता येते. १ वापरायचा नाही आणि क्रम बदलला तर तो नवा प्रकार धरायचा नाही. ६८ प्रकार निघाले. १० × १४ × १८ आहे, ६ × २० × २१ आहे, ५ × १२ × ४२ आहे, ७ × १५ × २४ आहे, ४ × ७ × ९० आहे. पाच सलग संख्याही चालतात: ३ × ४ × ५ × ६ × ७ = २५२०. जिचे इतके तुकडे पडतात, तिच्यात कुठलं तरी ओळखीचं त्रिकूट सापडणारच. ७ स्वर आणि वर्तुळाचे ३६० अंश घेतले तरी २५२० येते. त्यावरून संगीत आणि भूमितीचं गुप्त नातं जाहीर करायला कुणाची हरकत आहे?

अर्थ लागेल असा गुणाकार हवाच असेल तर मी एक देतो: ७ दिवस, २४ तास, ६० मिनिटं. आठवड्याची मिनिटं १०,०८०, आणि हिलाही १ ते १० सगळ्यांनी भाग जातो. अजून हवं? सुरुवातीला आपण १ ते १० गुणून ३६,२८,८०० काढले होते. तेवढे सेकंद म्हणजे बरोबर सहा आठवडे, ना एक सेकंद कमी, ना एक जास्त. (१०,०८० हा आकडा रामानुजन यांच्या यादीतल्या शेवटच्या संख्येच्या विभाजकांचाही आहे. त्यावरून नवा मेसेज कृपया कुणी तयार करू नये.) या सगळ्याच्या मागे गूढ काही नाही. तासांना २४, मिनिटांना ६० आणि वर्तुळाला ३६० हे आकडे माणसांनी राखले, कारण त्यांची वाटणी सोपी जाते. तिन्ही अतिसंयुक्त संख्या आहेत. भरपूर विभाजकांच्या संख्या निवडून घ्यायच्या, त्या गुणायच्या, आणि गुणाकाराला भरपूर विभाजक निघाले म्हणून आश्चर्य करायचं!

दावा ५: “गणिती थक्क झाले.”

१ ते १० च्या भागाकाराने कुणी थक्क झालं नाही. २५२० कडे बघून थक्क व्हायला जागा आहे, पण ती दुसरीकडे.

तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज करा: ९३६०. ती खुद्द संख्येच्या ३.७१ पट भरते. आता २५२० चा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, आलेल्या उत्तराचा पुन्हा लॉगॅरिदम घ्या आणि त्याला १.७८१ ने गुणा. येतात ३.६७. म्हणजे विभाजकांच्या बेरजेने ही मर्यादा थोडक्यात ओलांडली. ५०४० पर्यंत अशी मर्यादा ओलांडणाऱ्या २७ संख्या आहेत. २५२० त्यांतली शेवटून दुसरी, ५०४० शेवटची. त्यानंतर एकही संख्या ही मर्यादा मोडत नसेल, तर मूळ संख्या कशा विखुरलेल्या आहेत याच्याशी निगडित, १८५९ पासून सिद्धतेची वाट पाहणारं रीमानचं गृहीतक खरं आहे, आणि एक जरी मोडणारी सापडली तरी ते खोटं. हे १९८४ मध्ये गी रोबँ या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं. रामानुजन यांच्या निबंधाच्या न छापलेल्या भागात याच वाटेवरची पावलं आहेत.

‘एकमेव’ हा शब्द वापरायची हौस असेल तर त्यालाही एक खरी जागा आहे. काही अतिसंयुक्त संख्या अशा असतात की त्यांच्या पुढच्या प्रत्येक अतिसंयुक्त संख्येला त्यांनी भाग जातो. १२ च्या पुढच्या सगळ्यांना १२ ने भाग जातो, ६० च्या पुढच्या सगळ्यांना ६० ने. ३६० ला हे जमत नाही, ८४० ला ती अडते. अशा संख्या सगळ्या मिळून सहाच आहेत, आणि सातवी कधीच सापडणार नाही हे सिद्ध झालेलं आहे: १, २, ६, १२, ६० आणि २५२०. प्लेटोची ५०४० सुद्धा या यादीत बसत नाही, ७५६० ला तिने भाग जात नाही. २५२० ही या घराण्यातली शेवटची. तिच्या पुढच्या अतिसंयुक्त संख्या, मग त्या हजार अंकी का असेनात, सगळ्या तिच्याच पटीत येतात.

रामानुजन यांच्या यादीतून निसटलेली ती २,९३,३१,८६,२५,६०० घ्या आणि २५२० ने भागून बघा. ११,६३,९६,२८०. बाकी शून्य.